आभारापुरत्या बाई

सभेत आभाराला कुणी थांबत नाही. वक्त्याचं शेवटचं वाक्य खाली पडायच्या आत खुर्च्या करकरायला लागतात, मफलर गुंडाळले जातात, स्कूटरच्या किल्ल्या हातात येतात आणि माइकपुढे उभा राहिलेला कुणी बिचारा रिकाम्या होत चाललेल्या रांगांना धन्यवाद देत राहतो. हे मी सांगलीत पाहिलंय, पुण्यात पाहिलंय. बडोद्यात मात्र एक बाई अशा होत्या, की त्या आभार मानायला उठल्या की उठलेली माणसं परत खाली बसायची.

गाव त्यांना आभारबाई म्हणायचं. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं बाई. विद्यापीठात त्या इतिहास शिकवायच्या, डॉक्टरेट होती, त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं कुठे कुठे प्राध्यापक होऊन बसली होती. पण गावाच्या लेखी त्यांची ओळख एवढीच. कुणीतरी मोठा माणूस तासभर बोलणार आणि मग बाई पाच मिनिटं. वरणभाताच्या शेवटी ताक, तसं. ताकाने जेवण पुरं होतं हे सगळ्यांना मान्य असतं, पण ताकासाठी कुणी आमंत्रण देत नाही.

मी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात नोकरीला लागलो तेव्हा सयाजीगंजात एका खोलीत आम्ही तिघे राहायचो. खोलीत थांबावं असं खोलीत काही नव्हतं. एका संध्याकाळी भटकत भटकत मी विद्यापीठाच्या सभागृहात शिरलो. थंडीच्या दिवसांत विद्यापीठ तिथे गावासाठी व्याख्यानं ठेवायचं. कुणीही यावं, बसावं, ऐकावं. संस्थानाच्या काळात पडलेली ती पद्धत. पुढे संस्थान गेलं, गुजरात राज्य झालं, जुन्या अंमलदारांची नातवंडं बँकेत आणि रेल्वेत लागली, तरी ती पद्धत टिकून होती. एक संध्याकाळ मराठी, एक गुजराती, अधूनमधून इंग्रजी. त्या व्याख्यानमालेला एक लांबलचक नाव होतं. ते फक्त निमंत्रणपत्रिकेवर. गाव नुसतं ‘माळ’ म्हणायचं. “आज माळेला येणार ना?”

त्या पहिल्या दिवशी पुण्याचे एक विद्वान ताऱ्यांवर बोलले. मला अक्षर कळलं नाही. शेजारच्या पेन्शनरांनाही कळलं नसावं, ते घड्याळाला किल्ली देत होते. मग पहिल्या रांगेच्या टोकाची एक बुटकी, सावळी बाई पदर कमरेला खोचत उठली. माझी खात्री झाली की ही आता चहाचे कप गोळा करणार. तिने माइक आपल्या उंचीला खाली ओढला आणि म्हणाली, “पाहुण्यांनी सांगितलं त्यातलं मला कळलं ते इतकंच. आपण जो तारा बघतो तो आत्ताचा नसतो. केव्हाचा तरी निघालेला उजेड आत्ता आपल्या दारात येतो. म्हणजे आभाळाकडे बघणं म्हणजे जुनं वर्तमानपत्र वाचणं. चुकलं असेल तर पाहुण्यांनी इथेच माझा कान धरावा.” पाहुण्यांनी कान धरला नाही. ते जरा हिरमुसले मात्र. तासभर जे त्यांना पोचवता आलं नाही ते पदर खोचलेल्या बाईने चार वाक्यांत पोचवलं होतं. मी त्या दिवसापासून माळेचा वारकरी झालो असं म्हणणार होतो, पण खरं सांगायचं तर मी बाईंचा झालो.

त्यांची ऐकायची रीत विलक्षण होती. पाठ खुर्चीला टेकवायची नाही आणि नजर वक्त्यावरून हलवायची नाही. लिहून काही घ्यायच्या नाहीत. “लिहिलं की डोकं म्हणतं, चला, आपलं काम संपलं,” असं त्या म्हणत. कच्चा वक्ता त्या नजरेने घाबरायचा आणि पक्का वक्ता हळूहळू फक्त त्यांच्याकडे बघूनच बोलायला लागायचा. बाकीचं सभागृह आहे हे त्याच्या ध्यानातच राहायचं नाही. पुष्कळ थोर माणसं बडोद्यात येऊन खरं म्हणजे एकाच बाईला शिकवून गेली, आणि त्या बाईने ते आम्हाला वाटलं.

वाटताना भाषेचा भेद नव्हता. मराठीत सुरू केलेलं वाक्य त्या गुजरातीत संपवायच्या आणि पुढचं गुजरातीत उचलून मराठीत आणून ठेवायच्या. तेच दोनदा कधी सांगितलं नाही. दोन्ही ज्याला येतात त्यालाच पुरतं कळायचं, आणि तेव्हा बडोद्यात दोन्ही सगळ्यांनाच येत होत्या. माझ्या शेजारी हसमुखभाई बसायचे. त्यांचं रावपुऱ्याकडे औषधांचं दुकान होतं. दुकान मुलावर टाकून ते यायचे, व्याख्यानभर डोळे मिटून बसायचे आणि बाई उठल्या की टक्क जागे. “भाषण तो ठीक छे,” ते मला म्हणायचे, “हुं तो बेनने सांभळवा आवुं छुं.” ऐकायला येतो ते बेनला. पुढे बाई, हसमुखभाई आणि मी, अशी आमची घराकडे जाताना चौकापर्यंत सोबत व्हायला लागली. बाई मला ‘मकरपुरा’ म्हणायच्या. “काय मकरपुरा, आज डुलक्या घेत होतात. पहिली पाळी होती वाटतं?” निरोप घेताना अस्सल देशस्थ बाई असूनही ‘येते’ म्हणायच्या नाहीत. “आवजो,” म्हणायच्या आणि तुरुतुरु निघायच्या.

आभारातून कुणी सुटायचं नाही. माइकवाला, पाण्याचा तांब्या भरून ठेवणारा, सगळे. एकदा एका कंटाळवाण्या भाषणात अर्धं सभागृह उठून गेलं. बाईंनी शेवटी सांगितलं, “जे मधेच गेले त्यांचेही आभार. जाताना त्यांनी दार हळू लावलं. विद्यापीठाने गावाला एवढं तरी शिकवलं.” हशा झाला. वक्त्याचं तोंड उतरलं. त्या हशात किती आंबट होतं ते तेव्हा मला कळलं नाही.

एक प्रसंग मुद्दाम सांगतो, त्याचं काम पुढे पडणार आहे. विद्यापीठातले एक वृद्ध प्राध्यापक वारले आणि त्याच सभागृहात शोकसभा झाली. शेवटी सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. ते संपताच एक नवा, उत्साही अध्यापक माइककडे निघाला. सभा म्हटली की शेवटी आभार, एवढं त्याला पाठ होतं. बाईंनी त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं. “अहो, शोकसभेत आभार मानत नाहीत. कोणाचे मानणार? आलेल्यांचे? ते काय उपकार करायला आले? ज्याचे मानायचे तो उठून गेला. त्याचे वेळेवर मानायचे असतात.” पोरगा लाल झाला. मला तो नियमच नवा होता. तेव्हापासून पक्का लक्षात राहिला.

आता बाईंचं दुखणं सांगतो. त्यांना माळेत एक व्याख्यान द्यायचं होतं. बस, एवढंच. एक संध्याकाळ, एक तास.

विषय ठरलेला होता. बडोद्याच्या विहिरी. वर्षानुवर्षं रविवारी त्या विहिरी बघत हिंडायच्या, वाड्यांच्या मागच्या, देवळांच्या, पार छाणीपर्यंतच्या. दगडी काठावर दोर घासून पडलेल्या खाचांत बोटं घालून बघायच्या. कुठल्या विहिरीवर कोण पाणी भरायचं, कोणाला कुठल्या बाजूने भरावं लागायचं, कोणाला लांब उभं राहून कुणी ओतेल याची वाट बघावी लागायची, हे गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांच्या शेजारी भाजी निवडत बसून त्यांनी ऐकलं होतं. एकदा चौकात मला म्हणाल्या, “राजांचा इतिहास सांगायला पुष्कळ आहेत हो. पण या गावात कोण कोणाला पाणी देत होतं ते गावाला कुणी सांगितलेलं नाही. आणि ते गावातच सांगायला पाहिजे, ज्यांच्या आज्या तिथे उभ्या होत्या त्यांच्यासमोर. परिषदेत वाचून काय करू?”

माळेचे संयोजक एक सर होते. रेशमी झब्बा, गोड बोलणं, कुणाला दुखवायचं नाही. न दुखवता माणसाला किती वर्षं रखडवता येतं ते मी त्यांच्याकडे बघून शिकलो. “बाई, पुढच्या वर्षी नक्की तुमचं,” हे ते दर वर्षी म्हणायचे. कधी पुण्याचे नामवंत नेमके मोकळे निघायचे, कधी मुंबईहून कुणी न्यायमूर्ती. एकदा माझ्यादेखत म्हणाले, “बाई, तुम्ही घरच्या. घरच्या माणसाचं पान शेवटी वाढतात. बाहेरचा आला की गाव जमतं.” बाई हसून म्हणाल्या, “खरं आहे. पिकतं तिथे विकत नाही.” आणि वर जाऊन न्यायमूर्तींचे आभार मानून आल्या. मला त्या सरांच्या झब्ब्यावर चहा सांडावासा वाटला. चहा नव्हता.

शेवटी सरांचंच निवृत्तीचं वर्ष आलं. बहुधा जाता जाता पुण्य पदरी पडावं म्हणून त्यांनी माळेची शेवटची संध्याकाळ बाईंना दिली. त्या दिवशी चौकात बाईंची चाल बघण्यासारखी होती. “मकरपुरा, समारोपाचं माझं.” मग हसमुखभाईंकडे वळून म्हणाल्या, “आणि आभार तुम्ही मानायचे.”

हसमुखभाई दचकले. “हुं? बेन, मी तर गोळ्या विकतो.”

“एवढी वर्षं आभार ऐकताय. आता मानून बघा. पाच मिनिटं. जास्त नाही हं.”

त्या थंडीत बाईंनी घरी घड्याळ पुढे ठेवून व्याख्यान तासात बसवलं. “दुसऱ्याची पाच मिनिटं मी खाणार नाही,” असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. हसमुखभाईंनी इकडे दुकानात गिऱ्हाइकांना थांबवून आभाराची तालीम सुरू केली. खोकल्याचं औषध मागायला आलेल्या माणसाला आधी बाईंचे उपकार ऐकावे लागायचे.

त्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. घरच्या माणसासाठी गाव जमत नाही म्हणणारे सर दारात उभे राहून खुर्च्या मागवत होते. कधी न दिसलेल्या म्हाताऱ्या बायका सुनांच्या हाताला धरून आल्या होत्या. त्याच, बाईंनी ज्यांच्याबरोबर भाजी निवडली होती. हसमुखभाई लग्नातला कोट घालून पहिल्या रांगेत बसले होते, ओठ हलत होते. बाई व्यासपीठावर होत्या. पदर मोकळा होता, खोचलेला नव्हता. एवढ्या वर्षांत तो मी पहिल्यांदाच तसा पाहिला.

कार्यक्रम सुरू व्हायला प्रमुख पाहुणे हवे होते. ते पुढारी होते, म्हणजे उशिरा आले. मग दीप लागला, प्रार्थना झाली, स्वागतगीत झालं. निवृत्त होणाऱ्या सरांचा सत्कार झाला. सरांनी सत्काराला उत्तर दिलं. माळेच्या जुन्या संयोजकांना शाली पांघरल्या. एकाने शालीत गुरफटून आठवणी सांगितल्या. बाईंची ओळख करून देणाऱ्याने आपलीच जास्त करून दिली. प्रमुख पाहुणे मग ज्ञानावर बोलले, बडोद्यावर बोलले, ज्ञान आणि बडोदे यांवर बोलले. तोवर बाहेर पुढच्या कार्यक्रमाच्या मुली घुंगरू बांधून आल्या होत्या. सभागृह पुढे नाचाला दिलेलं होतं. पाहुणे बसले तसे सर लगबगीने बाईंकडे वाकले. माइक चालूच होता, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं.

“बाई, अगदी थोडक्यात घ्या. आणि आभारही तुम्हीच उरकून टाका. तुमच्या हातचंच आहे.”

नवरीला बोहल्यावरून उतरवून पंगत वाढायला लावावं, तसं झालं. हसमुखभाईंचे ओठ हलायचे थांबले.  बाई उठल्या, पदर कमरेला खोचला आणि माइक खाली ओढला.

“माझी ओळख करून देणाऱ्यांचे आभार,” त्या म्हणाल्या. “ती इतकी सविस्तर झाली की मला स्वतःहून काही दाखवायची गरज उरली नाही. प्रमुख पाहुण्यांचे आभार. त्यांना यायला उशीर झाला, पण आल्यावर त्यांनी वेळ भरून काढला. माझा. सत्कारमूर्तींचे आभार, शाली विणणाऱ्यांचे आभार. संयोजकांनी मला दर वर्षी पुढचं वर्ष दिलं, एवढा आशावाद मला दुसऱ्या कुणी दिलेला नाही. बाहेर मुली पायात घुंगरू बांधून थंडीत उभ्या आहेत, त्यांचेही. आज विहिरींबद्दल बोलायचं होतं. पण विहिरींना वाट बघायची सवय आहे. आवजो.”

टाळ्या पडल्या. लोक खळखळून हसले. मी हे कधी विसरणार नाही आणि या गावाला त्याबद्दल माफही करणार नाही. प्रमुख पाहुणे हसले, सर तर डोळे पुसत हसले. “वा बाई! आजचं सर्वोत्तम!” लोक बाहेर पडताना एकमेकांना सांगत होते, आज बाई फारच छान बोलल्या. व्याख्यान झालंच नाही, हे त्या भरलेल्या सभागृहात कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या म्हाताऱ्या बायकांच्या आलं असेल. पण सुना त्यांना रिक्षाकडे ओढत होत्या.

फक्त हसमुखभाई कोटाची बटणं चाचपत व्यासपीठापाशी आले. “पण बेन, कूवा? कूवा तो रही गया!”

“राहिल्या हो विहिरी,” बाई म्हणाल्या. “माझं भाषण राहिलं, तुमचे आभार राहिले. फिटंफाट.” आणि पायऱ्या उतरताना त्यांनी माझा हात धरला.

पुढे एकदा धीर करून मी म्हणालो, “बाई, आम्हा दोघांना तरी सांगा. घरी बसून. चहा मी करतो.”

“नको,” त्या म्हणाल्या. “गावजेवणाचा स्वयंपाक दोन पानांवर वाढता येत नाही, मकरपुरा. उरलेलं असतं तर दिलं असतं. हे तर उष्टंसुद्धा झालं नाही.” पुन्हा मी विषय काढला नाही.

पुढच्या थंडीत नव्या संयोजकांनी आभारासाठी बोलावणं पाठवलं. बाईंनी घशाचं कारण सांगितलं. माळेला यायच्या, पण शेवटच्या रांगेत, दाराजवळ. पाठ खुर्चीला टेकलेली असायची. वक्त्याचं संपलं की सगळ्यांच्या आधी उठायच्या आणि दार हळू लावून निघून जायच्या. आभार मग कुणीही मानायला लागलं आणि खुर्च्या पुन्हा करकरायला लागल्या. सभागृहाला एसी बसला. माळ एकेका वर्षाने आखूड होत गेली, मग मराठी संध्याकाळ गेली, मग एका थंडीत पत्रिकाच आली नाही. कुणी विचारलंही नाही. विहिरींवर फरशा पडल्या. एकीवर आता स्कूटरी लावतात.

बाई गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. शोकसभा त्याच सभागृहात झाली. निवृत्त सर काठी टेकत आले आणि पुष्कळ वेळ बोलले. तेच काय, सगळेच बोलले. बाई आभार काय सुंदर मानायच्या! तो विनोद, ते दोन भाषांत झुलणं, माइक खाली ओढणं. एकाने त्या समारोपाच्या संध्याकाळचीच आठवण काढली, “काय रंगली होती सभा!” आणि लोक शोकसभेतही हसले. विहिरींचं नाव कुणी घेतलं नाही.

दोन मिनिटांची स्तब्धता संपली आणि लोक दाराकडे निघाले. माझ्या डोक्यात संतापाने वाक्यं जुळली होती. मी माइककडे दोन पावलं टाकलीसुद्धा. मग बाहीला ओढ बसल्यासारखी झाली आणि मी थांबलो. नियम त्यांचाच होता.

मागे वळलो तर हसमुखभाई खुर्चीतच. खूप थकले होते, कान गेले होते. अंगावर तोच लग्नातला कोट होता, आता सैल झालेला. मी त्यांना उठवायला हात दिला. त्यांनी तो घेतला नाही.

“बेसो ने,” ते म्हणाले. “आभार कोण मानशे?”

मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, की शोकसभेत आभार मानत नाहीत.

त्यांनी रिकाम्या व्यासपीठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तो पछी क्यारे?” त्यांनी विचारलं. मग कधी?